उत्सर्ग राहून गेलेली इमारत

वास्तुशांतीत शेवटी वास्तुपुरुषाची प्रतिमा पुरायची असते. बहुतेक पद्धतींत घराच्या आग्नेय कोपऱ्यात खड्डा घेतात, सप्तधान्य आणि फुलांसह प्रतिमा पात्रात पालथी ठेवतात आणि वर माती लोटतात. फ्लॅटमध्ये हे करायचे तर आधी गवंड्याकडून कोपऱ्यातली एक टाइल उचकटून घ्यावी लागते. टाइलखाली दोनेक इंच मसाला लागतो, मसाल्याखाली पाच-सहा इंचांचा स्लॅब, आणि स्लॅबच्या खाली दुसऱ्याच बिऱ्हाडाचे छत, त्याच्या हुकाला लटकणारा पंखा. माती कुठेच नाही. गुरुजी मंडळी व्यवहारी असतात. मसाल्याच्या थरात बसेल एवढी लहानशी डबी घेतात, टाइल पांढऱ्या सिमेंटने पुन्हा बसवली जाते आणि विधी पार पडतो. वीस मजले आणि मजल्यावर चार फ्लॅट अशी इमारत धरली, आणि सगळ्या घरांनी विधी केला असे मानले, तर ऐंशी वास्तुपुरुष एकमेकांच्या पाठीवर पालथे पडलेले असतात. त्या सगळ्यांच्या खाली, पायाच्या कुठल्याशा खड्ड्यात, बिल्डरने भूमिपूजनाच्या दिवशी ठेवलेला कलश असतो. एका भूखंडावर एक भूमिपूजन आणि ऐंशी वास्तुशांती. यजमान एक्याऐंशी झाले, पण अख्ख्या इमारतीचा यजमान त्यांत एकही नाही.

यात हसण्यासारखे पुष्कळ आहे, पण प्रश्न गंभीर आहे. धर्मविधीत यजमानाच्या ठायी चार गोष्टी एकवटलेल्या असतात: संकल्प त्याचा, खर्च त्याचा, फळ त्याचे, आणि काही उणे राहिले तर दोषही त्याचाच. वास्तुविद्येचे सगळे ग्रंथ हे गृहीत धरून चालतात. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतला वास्तूचा अध्याय घ्या, मयमत घ्या, नाही तर मानसार. मानसारात अनेक मजल्यांच्या वास्तू आहेत, पण त्या मुख्यतः देवाच्या किंवा राजाच्या. मजले कितीही असोत, धनी एकच. एकमेकांशी नाते नसलेली ऐंशी कुटुंबे एकावर एक राहतील आणि त्यांचे घर आखणारा त्यांच्यापैकी कोणीच नसेल, ही शक्यता त्या ग्रंथकारांपुढे नव्हती. म्हणून आजचा वास्तुसल्लागार फ्लॅटमध्ये शिरला की त्याची पंचाईत होते. मधोमध लिफ्ट आणि जिना ठेवून एका बाजूचा नकाशा दुसऱ्या बाजूला उलटा छापलेला असतो. एका फ्लॅटचे स्वयंपाकघर आग्नेयेला आले तर जोडीच्या फ्लॅटचे नैर्ऋत्येला जाते. शिवाय पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप सरळ खाली उतरवायचे असतात, त्यामुळे सिंकखाली सिंक आणि संडासाखाली संडास येणारच. म्हणजे एका उभ्या रांगेतल्या वीस कुटुंबांच्या पदरी पुण्य आणि शेजारच्या रांगेतल्या वीस कुटुंबांच्या पदरी दोष, आणि हा निवाडा केला ऑटोकॅडवर आरशाची आज्ञा देणाऱ्या ड्राफ्ट्समनने. ज्याचे कर्म त्यालाच फळ, हा ज्या विचाराचा कणा आहे त्यात ही वाटणी बसत नाही. सल्लागार मग पिरॅमिड लावायला सांगतो. माझे म्हणणे असे की उणीव दिशेची नाहीच. अपार्टमेंट इमारतीच्या बांधणीत एक विधी, किंवा विधी हा शब्द नको असेल तर एक कृती, राहून जाते. आणि ती कोणती हे आपल्या धर्मशास्त्राला चांगले ठाऊक होते.

आधी इमारत आखली कशी जाते ते पाहू. बिल्डरच्या टेबलावर सगळ्यात आधी येतो तो हिशेबाचा कागद. नकाशा मागाहून येतो. भूखंडाचे क्षेत्रफळ, त्यातून रस्तारुंदीत जाणारी पट्टी वजा, उरलेल्यावर मूळ एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या मानाने किती बांधता येईल याचे प्रमाण, त्यावर बाजारातून विकत घ्यायचा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क, त्यावर महापालिकेला आणि सरकारला प्रीमियम भरून मिळणारे वाढीव क्षेत्र. पुनर्विकास असेल तर जुन्या रहिवाशांना द्यायचे चौरस फूट बाजूला काढायचे. उरले ते विक्रीचे. त्या भागातल्या गिऱ्हाइकाला महिन्याचा किती हप्ता झेपतो यावरून त्याचे वन बीएचके आणि टू बीएचके पाडले जातात. मग आर्किटेक्टची पाळी. त्याच्यावरही गाड्यांचे राज्य असते. पोडियमवर दोन खांबांमध्ये गाड्या नीट बसल्या पाहिजेत, आणि तेच खांब पुढे बेडरूमच्या कोपऱ्यांतून वर जातात. त्यामुळे निजायच्या खोलीचा आकार कित्येकदा खाली उभ्या राहणाऱ्या मोटारी ठरवतात. हल्ली अॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकदम ओततात, त्याला मायवान शटरिंग म्हणतात. काम झपाट्याने होते, पण नंतर कोणाला भिंत हलवायची सोय राहत नाही.

या हिशेबाचा एक तपशील जवळून पाहण्याजोगा आहे. मुंबईत १९९१ च्या नियमावलीखाली बाल्कनी, फ्लॉवर बेड, कोनाडे अशा गोष्टी काही अटींवर एफएसआयच्या मोजणीतून सुटत. परिणाम असा झाला की नकाशावर दर खिडकीबाहेर फुलझाडांचा वाफा उगवला, आणि ताबा देताना तो वाफा खोलीत विलीन होऊन गिऱ्हाइकाला चौरस फुटाच्या भावाने विकला गेला. अखेर २०१२ मध्ये ही क्षेत्रे मोजणीत धरायची आणि त्यांच्या बदल्यात ३५ टक्के फंजिबल एफएसआय प्रीमियमवर द्यायचा असा बदल झाला. जिना, लिफ्ट आणि लॉबी मात्र प्रीमियम भरून मोजणीबाहेर ठेवता येतात. म्हणजे इमारतीतला प्रत्येक फूट हिशेबाच्या दोन रकान्यांपैकी एकात बसतो: विकण्याजोगा, नाही तर खर्चाचा. सगळ्यांचा म्हणून सोडून द्यायचा, असा रकाना त्या कागदात नसतो. यात एकटा बिल्डर दोषी नाही. वाढीव आकाश विकून तिजोरी भरणारे सरकारही त्याच पंक्तीला बसलेले आहे.

हा रकाना नसल्याचा पहिला पुरावा साधारण पाचव्या-सहाव्या पावसाळ्यात खालच्या मजल्याच्या बाथरूममध्ये दिसू लागतो. बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा फूटभर खाली ओतलेला असतो, त्याला सन्क स्लॅब म्हणतात. त्या खोलगटात पाइप टाकतात, वॉटरप्रूफिंग करतात, विटांचे तुकडे घालून कोबा भरतात आणि वर टाइल लावतात. वॉटरप्रूफिंगचा थर एका जागी जरी फाटला तरी पाणी कोब्यात साठत राहते आणि महिनोन्महिने झिरपते. खालच्या घराच्या छताला ओल येते, पोपडे सुटतात, सळई गंजून फुगते आणि काँक्रीट ढलपे टाकू लागते. आता हा स्लॅब कोणाचा? वरच्याची ती जमीन, खालच्याचे छत, आणि इमारतीच्या दृष्टीने तो तिच्या सांगाड्याचा भाग. सहकारी सोसायट्यांचे आदर्श उपविधी सांगतात की गच्चीतून होणाऱ्या गळतीचा खर्च सोसायटीने करायचा आणि संडास-बाथरूमच्या गळतीचा संबंधित सभासदांनी. वरचा म्हणतो, माझ्याकडे तर सगळे कोरडे आहे. खालचा मेंटेनन्स भरणे थांबवतो. रेरा कायद्याने ताब्यापासून पाच वर्षे बांधकामाच्या दोषाची जबाबदारी बिल्डरवर टाकली आहे हे खरे, आणि तो कायद्यातला मोलाचा भाग आहे. पण पाच वर्षांनी तो जातो आणि उरतात ऐंशी मालक, ज्यांच्यापैकी प्रत्येकाने फक्त आपल्या भिंतींच्या आतले विकत घेतले आहे असे त्याला मनापासून वाटते.

धर्मशास्त्राने पुण्यकर्मांचे दोन वर्ग केले: इष्ट आणि पूर्त. इष्ट म्हणजे यज्ञयाग. पूर्त म्हणजे विहिरी, तलाव, देवळे, बागा, अन्नदान, थोडक्यात एकाने बांधायचे आणि अनेकांनी वापरायचे असे सगळे. इष्टाचा अधिकार मोजक्यांना होता, पूर्ताचा शूद्रांना आणि स्त्रियांनाही दिलेला आहे. त्या चौकटीत ही गोष्ट लहान नव्हती. पण पूर्तकर्म बांधकाम संपले म्हणून पुरे होत नसे. तलाव खणून झाला, घाट बांधून झाला, पाणी भरले, तरी एक विधी उरतो तो उत्सर्गाचा. काही पद्धतींत गाय तलावाच्या पाण्यातून नेतात आणि तिचे शेपूट धरून यजमान मागोमाग पाण्यात उतरतो. मग तो हे जल सर्व प्राणिमात्रांसाठी सोडल्याचे सांगतो. त्या क्षणी त्याचे स्वामित्व संपते. यापुढे तो त्याच तलावावर आला तर इतर चारचौघांसारखा एक वापरणारा म्हणून. आणि उत्सर्ग केलाच नाही तर? याज्ञवल्क्यस्मृती सांगते की दुसऱ्याच्या पाण्यात स्नान करायचे तर आधी चिखलाचे पाच गोळे बाहेर काढावेत. विज्ञानेश्वराने मिताक्षरेत खुलासा केला की हा नियम सर्वांसाठी सोडून न दिलेल्या पाण्याला आहे. मला या नियमात व्यवहाराची मोठी जाण दिसते. न सोडलेली वस्तू वापरणारा कायम परका राहतो, आणि परक्याने आपल्या वापराची भरपाई दर वेळी करायची.

या उत्सर्गावर सतराव्या शतकात नीलकंठभट्टाने एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याचे घराणे पैठणहून काशीला गेलेले. भगवंतभास्कर या त्याच्या बारा मयूखांच्या ग्रंथसंचातला एक उत्सर्गमयूख आहे आणि दुसरा एक व्यवहारमयूख. व्यवहारमयूखाचे नाव वकिलांना ठाऊक असते, कारण इंग्रजी अमलात मुंबई बेट, गुजरात आणि उत्तर कोकणातल्या हिंदूंच्या वारसाहक्काच्या दाव्यांत न्यायालये तोच प्रमाण मानत. ज्या बेटावर पुढे देशातली सगळ्यात महाग घरे उभी राहिली, तिथे मालमत्ता वाटायची कशी हे या पंडिताकडून घेतले गेले. सोडायची कशी हेही त्याने लिहून ठेवले होते. त्या मयूखाशी कोर्टाला काही कर्तव्य नव्हते.

तरी कायद्याने उत्सर्गाची जागा मोकळी सोडली असे म्हणता येणार नाही. १९६३ च्या महाराष्ट्र मालकी सदनिका कायद्यात, म्हणजे मोफात, ती आहे. बिल्डरने फ्लॅट विकून, सोसायटी नोंदवून थांबायचे नाही. जमीन आणि इमारत यांवरचा आपला हक्क खरेदीखताने सोसायटीच्या नावे करून द्यायचा, आणि करारात वेगळी मुदत नसेल तर सोसायटी झाल्यापासून चार महिन्यांत. हेच कन्व्हेयन्स, सरकारी भाषेत अभिहस्तांतरण. तलावाच्या उत्सर्गाची सगळी लक्षणे त्यात आहेत: बांधणारा एक, वापरणारे अनेक, आणि बांधणाऱ्याने आपला हात काढून घेतल्याशिवाय काम संपत नाही. अपार्टमेंटच्या अख्ख्या व्यवहारात सर्वांत जास्त टाळली जाणारी कृती हीच आहे. ती इतकी टाळली गेली की २००८ मध्ये कायदा सुधारून मानीव अभिहस्तांतरण आणावे लागले. बिल्डर सही करत नसेल तर सोसायटीने जिल्हा उपनिबंधकांकडे जायचे, आणि त्यांनी बिल्डरच्या सहीविनाच हक्क सोसायटीकडे आल्याचे मानायचे. यजमान मांडवातून निघून गेला म्हणून पंचांनी त्याच्या वतीने पाणी सोडायचे, असा हा प्रकार आहे.

बिल्डर का टाळतो? खर्च हे कारण म्हणून पटत नाही, कारण फ्लॅटधारकांनी आपापल्या करारांवर भरलेले मुद्रांक शुल्क त्यात वजा धरले जाते. कारण जमिनीच्या वर आहे. एफएसआय वाढत गेला. १९९१ च्या नियमावलीने उपनगरांतल्या भूखंडांवर टीडीआर चढवायची वाट करून दिली, २०१२ मध्ये फंजिबल आला, २०१८ पासून लागू झालेल्या २०३४ च्या नियमावलीने रुंद रस्त्यांलगत आणखी वाढवून दिले. प्रत्येक वाढीबरोबर, ज्या इमारतीत माणसे वीस वर्षे नांदत होती तिच्या डोक्यावर न बांधलेले मजले तयार झाले. जमीन ज्याच्या नावावर, हे मजले त्याचे. चार महिन्यांत जमीन सोडून दिली असती तर ते त्याच्या हातून गेले असते. म्हणून तो सही करत नाही. मोठ्या लेआउटमध्ये तर टाळायचीही गरज नसते: इमारत सोसायटीला द्यायची आणि जमीन सगळ्या इमारती पूर्ण झाल्यावर शिखर संस्थेला, अशी तरतूद करारातच असते, आणि शेवटची इमारत कधी सुरू करायची हे त्याच्याच हातात. जे सोडायचे ते विकण्याचा मोहही असतोच. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्टिल्टमधली पार्किंगची जागा हा सामाईक भाग आहे आणि बिल्डरला ती फ्लॅटसारखी वेगळी विकता येत नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. तलाव खणणारा दान करत होता, बिल्डर धंदा करतो. व्यापाऱ्याला दात्याचा धर्म लावणे म्हणजे मारवाड्याच्या दुकानात सदावर्त शोधणे. शिवाय त्याची जोखीम कोणी मोजत नाही: जमिनीत अडकलेले पैसे, परवानग्यांना लागणारी वर्षे, चढे व्याज. हे सगळे मान्य. फ्लॅट त्याने नफा घेऊन विकावा, त्यात अधर्म काहीच नाही. पण फ्लॅटबरोबर आणखी काही वस्तू तयार होतात ज्या तो कोणाही एकाला विकूच शकत नाही: जिना, पाण्याची टाकी, गच्ची, खालची जमीन. त्यांचा खर्च गिऱ्हाइकांनी फ्लॅटच्या किमतीतून केव्हाच चुकता केलेला असतो. पूर्वी तर सुपर बिल्टअपच्या नावाखाली तो मोजूनही घेतला जाई. ज्याचे मोल पूर्ण मिळाले आणि जे एकाला विकता येत नाही, ते स्वतःकडे ठेवण्याला व्यापार म्हणता येत नाही. फ्लॅटपुरता दानाचा प्रश्न येत नाही हे खरेच, पण या उरलेल्या वस्तूंच्या बाबतीत बिल्डर आणि तलाव खणणारा यांची स्थिती एकच आहे, आणि दात्याइतके औदार्य इथे लागतही नाही, कारण सोडायचे ते आधीच वसूल झालेले आहे.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. एकच यजमान हवा असेल तर एकच मालक का नको? चाळीला मालक होता, भाडेकरू होते, जबाबदारी कोणाची यात गोंधळ नव्हता. इतिहास याच्या उलट साक्ष देतो. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. मालकाकडे नाव राहिले, फळ गेले. त्याने दुरुस्ती सोडली. पागडी देऊन राहणाऱ्या भाडेकरूकडे फळ आले, नाव नव्हते. त्यानेही दुरुस्ती केली नाही. इमारती पडू लागल्यावर १९६९ चा कायदा आला, उपकर बसवला गेला आणि दुरुस्ती मंडळ नेमले गेले. सरकार तिसरे यजमान झाले. संकल्प एकाचा, फळ दुसऱ्याचे आणि दोष तिसऱ्याच्या माथी, अशी फाटाफूट झाली की मालक एक असूनही इमारत अनाथ राहते. उलट बाजूचे उदाहरणही मुंबईतच आहे. १९१५ मध्ये गावदेवीला श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. तिथे राहणारे हेच संस्थेचे सभासद आणि संस्था हीच मालक. बांधणारा आणि राहणारा यांत फटच नव्हती. आज स्वयंपुनर्विकासाची जी चळवळ चालली आहे ती त्याच वाटेने परत जाऊ पाहते. बिल्डरला बाजूला ठेवून सोसायटीने कर्ज काढायचे, ठेकेदार नेमायचा आणि नफा सभासदांत राहू द्यायचा.

इथे माझ्याच युक्तिवादाला एक कड फुटते, ती झाकून चालणार नाही. कन्व्हेयन्स झाले, जमीन सोसायटीची झाली, म्हणजे उत्सर्ग झाला का? तलाव सर्व भूतांसाठी सोडला जाई. सोसायटीला मिळालेली जमीन मात्र ऐंशी सभासदांची होते, आणि बहुतेक ठिकाणी ती मिळाल्याबरोबर पुढचा विचार पुनर्विकासाचा असतो: किती टक्के वाढीव कार्पेट, किती कॉर्पस, किती महिन्यांचे भाडे. न बांधलेले मजले बिल्डरऐवजी आता सभासद विकतात. हाव एकाची ऐंशी जणांत वाटली गेली इतकेच. गावदेवीच्या संस्थेचे दारही एका समाजापुरते होते. अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा उपविधी कायदेशीर ठरवला. आणि घरकामाला येणाऱ्या बायकांनी सर्व्हिस लिफ्टच वापरावी अशी पाटी लावणाऱ्या इमारतीला आपली लॉबी सोडून दिलेली वस्तू आहे असे सांगता येणार नाही. त्या लॉबीवर दर सकाळी पाच गोळे चिखल काढणारी तीच बाई असते.

तरीही मी म्हणतो की सोडायची सुरुवात कन्व्हेयन्सपासूनच होते, कारण त्याआधी सोडायला कोणाच्या हातात काही नसते. आणि सभासदांनी काय सोडायचे याचाही एक मापदंड आदर्श उपविधींत आहे, तो कोणी धर्माच्या नजरेने पाहत नाही एवढेच. फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या निदान पाऊण टक्का दर वर्षी दुरुस्ती निधीत आणि पाव टक्का सिंकिंग फंडात घालायचा. सिंकिंग फंड हा मोठ्या दुरुस्तीसाठी आणि पुनर्बांधणीसाठी असतो. आज भरणारा सत्तर वर्षांचा सभासद ती पुनर्बांधणी पाहील याची शाश्वती नाही. त्याने घातलेला पैसा कदाचित अशा कुटुंबाच्या कामी येईल जे अजून या शहरात आलेलेही नाही. हक्क न ठेवता, नाव न लावता, पुढच्या अनोळखी माणसासाठी दिलेला पैसा, याला मी बेधडक पूर्त म्हणेन. वार्षिक सभेत नेमका याच पाव टक्क्यावरून गोंधळ होतो. पूर्ताला यज्ञापेक्षा कमी लेखणाऱ्यांची परंपरा जुनीच आहे. गणपतीच्या वर्गणीला हात सैल असणारे लोक सिंकिंग फंडाला आखडतात, यात नवे काही नाही.

तिसरा आक्षेप असा की मिश्र वस्तीच्या देशात इमारतीच्या प्रश्नाला हिंदू कर्मकांडाची भाषा कशाला? एकाच मजल्यावर ख्रिस्ती, मुसलमान, जैन आणि काहीच न मानणारा राहतो, त्यांना उत्सर्गाचे काय? गाय पाण्यात घालण्याची शिफारस मी करत नाही. मला त्यातला विचार हवा आहे, आणि तो कोणा एका धर्माची जहागीर नाही. वक्फमागेही हेच तत्त्व आहे: देणाऱ्याचे स्वामित्व कायमचे संपते, फळ लोकांकडे जाते आणि देणाऱ्याला ते मागे घेता येत नाही. पारशी बागांच्या न्यासांनी आणि चर्चच्या मिळकतींनीही बांधणाऱ्याचा हात आणि वापरणाऱ्याचा हक्क यांत अशीच रेघ ओढली. काहीच न मानणाऱ्यासाठी मोफा आहे. माझा रोख उलट दिशेने आहे. धर्माची भाषा या व्यवहारात आधीच आणलेली आहे. ब्रोशरवर गणपती असतो, प्रकल्पाला संस्कृत नाव असते, भूमिपूजनाला पुढारी कुदळ मारतात आणि वर्तमानपत्रात फोटो येतो. ती भाषा आणायची तर अर्धी आणून भागत नाही.

कारण मीमांसकांनी नेमका हाच प्रश्न चर्चेला घेतलेला आहे. जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात विचारले आहे की फळाच्या इच्छेने कर्म आरंभले आणि मध्येच इच्छा संपली किंवा फळ आधीच मिळून गेले, तर कर्म सोडून द्यावे का? उत्तर आहे, नाही. एकदा आरंभलेले कर्म पुरे केलेच पाहिजे. सगळे फ्लॅट विकून मोकळ्या झालेल्या बिल्डरची अवस्था याहून अचूक वर्णन करता येणार नाही. फळ हातात आले, उरलेल्या विधीत त्याला रस नाही. अर्थात त्याचा वकील हुशार असेल तर तो लगेच पुढचे अधिकरण काढील, कारण तिथे म्हटले आहे की हा नियम वैदिक कर्माला, लौकिक कामांना नाही. माणसाने स्वतःच्या सोयीसाठी आरंभलेले काम त्याने अर्धवट सोडले तर शास्त्र त्याला अडवत नाही. युक्तिवाद बिनतोड आहे, पण तो करायचा तर इमारत हे निव्वळ लौकिक काम आहे असे बिल्डरला कबूल करावे लागते. मग भूमिपूजनाच्या संकल्पाला अर्थ उरत नाही आणि त्याच्यावर अंमल चालतो तो फक्त लौकिक शास्त्राचा, म्हणजे १९६३ च्या कायद्याचा आणि त्याखालच्या नियमांचा, ज्यांत चार महिने लिहिले आहेत आणि न पाळणाऱ्याला शिक्षाही लिहिली आहे. संकल्प खरा होता म्हणाला तर जैमिनी त्याला सोडत नाही. दोन्हींपैकी कुठलेही उत्तर दिले तरी त्याला कागद घेऊन दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जावेच लागते.